फुकटच्या फोटोतली आई

३ जानेवारी २०११, सोमवार

आज मला एका माणसानं चोर म्हटलं. शब्द तो नव्हता, पण अर्थ तोच. छत्तीस वर्षं रेल्वेच्या वॅगन कारखान्यात टूलरूम सांभाळली, घरी कधी एक नट आणला नाही, आणि रिटायर होऊन तिसऱ्या वर्षी ही पाळी.

झालं असं. दिवाळीत नीलिमानं मला ब्लॉग काढून दिला. लेक म्हणाली, "पापा, दिनभर मम्मी का सिर खाते हो, इससे अच्छा कुछ लिखा करो." मी जुन्या रायपूरवर लिहायला लागलो. राजधानी होऊन दहा वर्षं झाली. रोज कुठला तरी रस्ता रुंद होतो आणि कुठलं तरी झाड, कुठली तरी टपरी नाहीशी होते. म्हटलं, कुणी तरी लिहून ठेवावं. नुसता मजकूर कोणी वाचत नाही असं नीलिमाचं मत, म्हणून धमतरीच्या छोट्या, नॅरोगेज गाडीवरच्या लेखाला मी इंटरनेटवरून इंजिनाचा एक झकास फोटो उचलून लावला. आज त्याखाली पुण्याच्या चारुदत्त नावाच्या गृहस्थांनी लिहिलंय : "लेख आवडला. फोटो माझा आहे. तो काढायला मी पहाटे चारला उठून दोन तास धुक्यात उभा होतो. विचारलं असतंत तर दिला असता."

या शेवटच्या वाक्यानं मेलो. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

फोटो काढून टाकला, माफी मागितली. बायको, माया, म्हणाली, "एका फोटोपायी जेवण काहून सोडून राहिले? कोणाची गाय थोडी सोडून आणली तुमी!" जेवलो. चव लागली नाही.

५ जानेवारी

चारुदत्तांचं लांबलचक उत्तर आलं. मोठ्या मनाचा माणूस. लिहितात, वाईट वाटून घेऊ नका, सगळेच असं करतात. शोधून फोटो सापडला म्हणजे तो घ्यायला मोकळा, असं नसतं. पण इंटरनेटवर अशाही जागा आहेत जिथे लोक आपले फोटो आपण होऊन सगळ्यांसाठी ठेवतात. प्रत्येकाखाली त्याची अट लिहिलेली असते. कोणी म्हणतो फक्त माझं नाव लिहा, कोणी म्हणतो विकू नका, कोणी म्हणतो कापाकापी करू नका, आणि काही जण काहीच म्हणत नाहीत, घ्या म्हणतात.

दिवसभर बघत बसलो. हजारोंनी फोटो! नद्या, पूल, आगगाड्या, मिरच्यांचे ढीग. कोण कुठली माणसं, ऊन-पाऊस खात फोटो काढतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला पाणी पाजावं तसे देऊन टाकतात. मला भरून आलं. नाव लिहिण्याची अट तर मला फारच पटली. आमच्या टूलरूममध्ये माणूस पाना घेऊन गेला की त्या खिळ्यावर त्याचा पितळी बिल्ला लटकायचा. वस्तू कुणाची आणि सध्या कुणाकडे, हे भिंतीकडे बघून कळायचं. मी वही केली : फोटो, कुणाचा, अट काय, कुठल्या लेखाला लावला.

नीलिमा वही बघून हसली. "पापा, रिटायर हुए हो कि नहीं?"

९ जानेवारी, रविवार

आईवर लेख लिहायला घेतला. का घेतला कोण जाणे. माझ्यापाशी लिहायला काही नाही. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. भंडारा जिल्ह्यातलं खेडं, साल एक्कावन्न, आमच्यासारख्यांच्या वस्तीत फोटो काढायला कोण येणार! माझी थोरली बहीण शेवंताताई नऊ वर्षांची होती. पुढे बाबांना रेल्वेत नोकरी लागली, आम्ही रायपूरला आलो, आणि मला ताईनं वाढवलं. जे मला आईबद्दल ठाऊक आहे ते ताईकडून.

ताई आता गोंदियाला लेकाकडे असते. फोन लावला. "ताई, आई दिसायला कशी होती, नीट सांग."

"सांगतलं तं होतं."

"लिहून घ्यायचं आहे."

ती म्हणाली, गोल चेहरा, नाक बसकं, रंग सावळा. मी म्हटलं, लहानपणी तर तू सांगायचीस गोरी होती, नाक धारदार, हनुवटीवर गोंदलेलं. "गोंदलेलं? नाही बा. ते मावशीले होतं." मग म्हणाली कुकर लावायचा आहे, आणि फोन ठेवला.

वय झालं तिचं, सत्तरीला आली. पण मला राग आला. एकच माणूस उरलं आहे विचारायला आणि तेही धड सांगत नाही. त्रेसष्टाव्या वर्षी असल्या गोष्टीचा राग यावा, याचीही लाज वाटली.

१४ जानेवारी

सापडली!

लेखाला लावायला खेड्यातल्या बायकांचे फोटो शोधत होतो. नुसतं असंच, एखादी पाठमोरी, डोक्यावर घागर वगैरे. एका फोटोवर आलो आणि हात थांबला. अभनपूरचा बाजार. भाजीच्या ढिगामागे एक म्हातारी बसली आहे, डोक्यावर पदर, उन्हामुळे एक डोळा बारीक केलेला, आणि तोंड असं की आत्ता कुणाला तरी हाक मारील. कुणाला काय, मलाच.

किती वेळ बघत होतो माहीत नाही. माया चहा ठेवून गेली, तो गार झाला. आई एवढी म्हातारी कधी झालीच नाही, हे मला कळतं. ती गेली तेव्हा माझ्या नीलिमाहून लहान होती. तरी वाटलं, राहिली असती तर अशी झाली असती.

फोटो अश्विन नावाच्या मुलाचा आहे. अट एवढीच की नाव लिहा. लिहिलं : "छायाचित्र : अश्विन, अभनपूर बाजार, २००९." त्याला आभाराची मेलही पाठवली. लेखाचं नाव "माझी आई". त्यात एक वाक्य होतं, की हा फोटो तिचा नाही. लेख टाकायच्या आधी ते खोडलं. का खोडलं, ते इथे लिहायलाही हात धजत नाही.

१७ जानेवारी

ताई आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पुरता पिकलाय. सत्तावीसला इथेच उजव्याचं ऑपरेशन ठरलंय. रिक्षातून उतरताना पायरी चाचपत होती. ही ताई मला कडेवर घेऊन तीन-तीन कोस चालायची.

संध्याकाळी नीलिमानं हौसेनं तिला लेख वाचून दाखवला. माझं नीलिमाला सांगणं आहे, वाचायचं तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, फोटो कुणाचा तेही. पोरीनं इमानदारीनं सगळं वाचलं, खालची ओळसुद्धा. मग ताई कॉम्प्युटरजवळ गेली, नाक काचेला टेकेल इतकी वाकली.

"हिरा, तुले कशी वाटते?"

"मला काय माहीत, ताई? तूच सांग. अशीच होती का?"

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. तिला दिसतं ते किती, धुक्यातल्यासारखं, पण बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हव. हीच आहे."

आणि पदर डोळ्यांना लावला. मीही रडलो. खोटं सांगून मोतीबिंदूच्या डोळ्यांच्या म्हातारीला रडवलं, असा मी माणूस! तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ती "हीच आहे" म्हणाली तेव्हा छातीत जे झालं, ते मला एवढ्यात सोडायचं नव्हतं.

२० जानेवारी

प्रकरण हाताबाहेर गेलं. ताईनं नीलिमाला सांगून फोटो मोठा छापून आणवला. ब्राह्मणपाऱ्यातल्या दुकानातून काचेची फ्रेम झाली. आज सकाळी मी आंघोळ करून येतो तर फोटो बैठकीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या खाली, त्याला झेंडूचा हार, पुढे मेणबत्ती. ताई हात जोडून त्रिशरण म्हणत होती.

"आज आईचा दिवस," ती म्हणाली.

"तुला तारीख आठवते?"

"आठवते तं."

मागं कधी तरी तिनंच सांगितलं होतं की आईला नेलं तेव्हा पाऊस थांबत नव्हता, लाकडं ओली होती. जानेवारीत कुठला एवढा पाऊस! पण मी वाद घातला नाही. कुठल्या तोंडानं घालणार?

मी हात जोडले. जन्मात पहिल्यांदा आईच्या फोटोला हात जोडले. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२२ जानेवारी

अश्विनची मेल आली. इथेच चौबे कॉलोनीत राहतो, कॉलेजात आहे. लिहितो, "अंकल, आपने नाम लिखा, बहुत अच्छा लगा. वरना लोग पूछते भी नहीं. बिसाहिन दादी से पिछले हफ्ते ही मिला था, अब भी वहीं बैठती हैं. कभी जाइए, बहुत बातें करती हैं."

अब भी वहीं बैठती हैं!

मी मायाला वाचून दाखवलं. तिनं कपाळावर हात मारला. "जित्या बाईले हार घातला? मेणबत्ती लावली?"

"मी नाही, ताईनं."

"अन् ताईले कोणं सांगतलं?"

मायानं तर उठून फोटो उतरवायलाच घेतला होता, पण ताई खुर्ची ओढून त्याच्याचपुढे बसली होती, लसूण सोलत. माया परत आली. म्हणाली, आता ऑपरेशनपर्यंत काही बोलू नका, डॉक्टरनं तिला त्रास होऊ देऊ नका म्हटलंय.

पण ऑपरेशननंतर तर तिला स्पष्ट दिसेल. पट्टी निघेल, ती भिंतीकडे बघेल आणि तिला कळेल की सख्ख्या भावानं आईच्या जागी भलतीच बाई टांगली.

आणखी एक. फोटो काढणाऱ्यानं परवानगी दिली, मी वहीत अट लिहिली, सगळं कायदेशीर. जिचा फोटो, तिला कोणी विचारलं? माझ्या वहीत तो रकानाच नाही.

२५ जानेवारी

छोट्या गाडीनं अभनपूरला जाऊन आलो. बाजारात बिसाहिनबाईंना शोधावं लागलं नाही. तशाच बसलेल्या, तसाच एक डोळा बारीक. मी समोर उकिडवा बसलो आणि नीलिमानं काढून दिलेली छोटी प्रत त्यांच्या हातात ठेवली. माझ्या मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत सगळं सांगितलं. हारासकट.

त्या फोटोकडे बघत होत्या. "मोर फोटू म माला?" मग अशा हसल्या की शेजारची मिरचीवाली वळून बघायला लागली. "मरे के बाद कोन देखे बर आही! बने होगे, जीयत म दिखगे." मेल्यावर कोण बघायला येतंय, जिवंतपणी हार बघायला मिळाला, बरंच झालं!

मी म्हटलं, रागावला नाहीत? फोटो राहू देऊ का? म्हणाल्या, "राख ले. फेर माला ल उतार दे. बहू देखही त रोही." हार तेवढा काढ, सून बघेल तर रडेल.

मग एकदम गंभीर झाल्या. "तोर बहिनी मान गे?" बहिणीनं मानलं का, असं विचारत होत्या. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. "नौ बछर के नोनी अपन दाई ल नइ चिन्हही गा?" नऊ वर्षांची पोरगी स्वतःच्या आईला ओळखणार नाही, असं कसं? मी सांगितलं, मोतीबिंदू आहे. त्या भाजीवर पाणी शिंपडायला लागल्या. मी लालभाजीच्या दोन जुड्या घेतल्या तर तिसरी वरून टाकली, "दाई कहे हस त ले जा." आई म्हणालास, तर घेऊन जा.

घरी येऊन हार काढला. ताईला सांगितलं, फुलं सुकली होती. ती "बरं" म्हणाली. ब्लॉगवर खोडलेलं वाक्य परत घातलं, की हा माझ्या आईचा फोटो नाही, या अभनपूरच्या बिसाहिनबाई. नीलिमाला बजावलं, ताईला आत्ता वाचून दाखवू नको. आता जगाशी हिशेब चुकता झाला, एका ताईशी राहिला आहे.

२८ जानेवारी

काल ऑपरेशन झालं, आज उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. घरी आणली. ताई दारातच थांबली आणि लहान मुलासारखी एकेक बघत सुटली. पंखा. मायाची साडी. "हिचा रंग असा आहे काय! मी तं पांढरी समजून राहिली होती." मग माझ्याकडे वळली. चांगला मिनिटभर बघितलं.

"किती म्हातारा झाला रे तू, हिरा."

मग भिंतीकडे गेली. फोटोपुढे उभी राहिली. मायानं माझं मनगट धरलं होतं. ताईनं फ्रेमच्या काचेवर बोट फिरवलं, धूळ बघितली, म्हणाली, "चांगली दिसते," आणि पाणी प्यायला आत गेली.

माया कुजबुजली, "वाचले तुमी."

मला मात्र वाचल्यासारखं वाटेना. इतकं स्वच्छ दिसत असूनही तिला फरक कळला नाही, म्हणजे तिचं मन किती गुंतलंय त्यात. आता सांगितलं तर मोडून पडेल. न सांगितलं तर ही बाई मरेपर्यंत परक्या फोटोला आई म्हणेल, आणि ती माझ्यामुळे.

३१ जानेवारी, सोमवार

सांगितलं.

सकाळी ताई अंगणात उन्हाला बसली होती, डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा. माया आत स्वयंपाकात, नीलिमा ऑफिसला गेलेली. मी शेजारी जाऊन बसलो. लांबण लावली असती तर धीर सुटला असता.

"ताई, तो फोटो आईचा नाही."

"मले मालूम आहे."

मला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. "अगं, ती अभनपूरची एक भाजीवाली आहे. मी भेटून आलो तिला."

"नीलिमानं वाचलं ना त्या दिवशी. अभनपूरचा बाजार, अश्विन, साल दोन हजार नऊ. माह्ये डोळे गेले होते, कान नोते गेले."

"मग हो काहून म्हटलं?"

ती तळहात उन्हात धरून बघत होती. "तू कसं विचारलं ते तुले नाही मालूम. अशीच होती काय म्हणे. एवढूसा होता तवा विचारे, अगदी तसंच. मले नाही म्हणता नाही आलं."

"आणि तो हार? ते 'आईचा दिवस'?"

"एकदा हव म्हटलं तं पुरतं करा लागते ना. अर्धंच कसं ठेवाचं?"

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. दोन आठवडे मी हिला कसं सांगू म्हणून झुरत होतो आणि ही मला जपत होती. म्हटलं, बरं, आता तरी खरं सांग. खरी आई कशी होती? ताईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाही आठवत रे मले."

"काय नाही आठवत?"

"तिचं तोंड. रायपूरले आलो तवा दिसे मले. डोळे मिटले का दिसे. मंग थोडं थोडं पुसत गेलं. तू रोज विचारे. एक दिवस तुले सांगायले बसली अन् पायतो तं काहीच नाही. मी चौदा-पंधरा वर्षांची असन. मंग बनवून सांगतलं. कधी गोरी, कधी सावळी. तवापासून बनवूनच सांगून राहिली आहो. तुह्यापाशी तं काही नोतंच हिरा, माह्यापाशी होती. अन् म्या हरवली. तुले कोणत्या तोंडानं सांगू?"

ती रडायला लागली. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हटलं होतं. मी तिचा हात धरला. पंचावन्न वर्षं हे एकटीनं पोटात ठेवलं. आणि मी त्या दिवशी फोन ठेवल्यावर तिच्यावर चिडलो होतो, की एकच माणूस उरलं आहे आणि धड सांगत नाही.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मला आठवते."

"काय?"

"आई. थोडी आठवते. कुणाला सांगितलं नाही कधी."

"तू तीन वर्षांचा होता."

"असेन. तरी आठवते."

तिनं मान वर केली. काळ्या काचांमागे तिचे डोळे दिसत नव्हते. "कशी?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि जे दिसलं ते सांगायला लागलो. कपाळ रुंद. भुवया मध्ये जवळजवळ जुळलेल्या. हसली की डावा गाल आधी वर जायचा, मग उजवा. वरचा ओठ पातळ, कानाच्या पाळ्या लांब.

"हव काय?" ताई म्हणाली.

"हव."

"अन् रंग?"

"तुझ्यासारखाच. गव्हाळ."

ऊन सरकून आमच्या पायांवर आलं होतं. आतून मायानं जेवायला हाक मारली, थोड्या वेळानं परत मारली. मी उठायला लागलो तर ताईनं माझी बाही धरून खाली बसवलं.

"अजून सांग," ती म्हणाली.